वरवंट्याच्या टोपड्याची कहाणी

ऐका, जिवतीबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं एक कासारीण होती. सगुणा तिचं नांव. तिला सहा वर्षांची लेक, भिवरा. भारी चौकस. चूल कां काळी, मांजर कां गोरं, पुसून पुसून जीव खाई.

श्रावणांत सगुणा बाळंत झाली, दुसरी लेक झाली. बाराव्या दिवशीं बारसं मांडलं. चालीप्रमाणं आधी वरवंटा घेतला. त्याला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, टोपडं बांधलं, पाळण्यात निजवलं. मग त्याला काढला, बाळ ठेवलं. आत्यानं कानांत कुर्र केलं, गोदा नांव ठेवलं. बायका घुगऱ्या घेऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशीं आत्या चटणी वाटायला गेली. बघते तो पाट्यावर वरवंटा नाही! भिवरा ओसरीवर, वरवंटा तिच्या मांडीवर, टोपडं तसंच. आत्या रागावली, देईना. आईनं गूळ दाखवला, देईना. बापानं बांगड्या दाखवल्या, बांगड्या घेतल्या, वरवंटा देईना. मग घरात चटणी बंद, वाटण बंद. भिवरा बाळाकडे ढुंकून पाहीना. जेवायला बसली, की शेजारी वरवंट्याचं पान मांडी. बायांनो, तुम्ही हसता. तिची आईही हसली. असं कां गं, हे मात्र कुणी पुसलं नाही.

शुक्रवार आला. दारी एक म्हातारी आली, कपाळभर हळद, खांद्याला झोळी. जिवतीच ती, पण ओळखतो कोण? म्हणाली, "लेकी, चटणीभाकर वाढ."

सगुणा आतून म्हणाली, "आजीबाई, कोरडीच खा. वरवंटा अडलाय."

म्हातारी ओसरीवर भिवरेशेजारी बसली. "हे कुणाचं गं बाळ?"

"माझं."

"दगडाला टोपडं कां?"

भिवरेनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत कुणीतरी कां म्हणालं. म्हणाली, "आजी, ह्याला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, पाळण्यात निजवलं. ती आली, तसा काढला. आता म्हणतात, चटणी वाट. मीही आधी त्याच पाळण्यात होते. आता म्हणतात, पाणी आण, गप्प बस, तू मोठी. पाळणा रिकामा असेल, त्या घरी आम्हां दोघांना ने."

म्हातारीनं झोळी उघडली. "चल."

आत सगुणेनं हे ऐकलं. धावत आली, उंबऱ्यात आडवी झाली, पाय धरले. "आजीबाई, माझी लेक नेऊ नका. चुकलं माझं. उपाय सांगा."

"मग वसा घे. शुक्रवारी न्हावं, पाट मांडावा, थोरलीला मांडीवर घ्यावं. आधी तिला ओवाळावं, मग पाळण्याला. तिच्या तान्हेपणाच्या तीन गोष्टी सांगाव्या. मधे धाकटी रडली, तर आपण उठू नये, दुसऱ्याला उठवावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

"उद्यापन कधी?"

"लेक आपणहून मांडीवरून उठेल तेव्हां." कोरडी भाकर खाल्ली नि म्हातारी दिसेनाशी झाली.

पहिला शुक्रवार केला. भिवरा वरवंटा धरून ऐकत राहिली. दुसऱ्या शुक्रवारी गोष्ट अर्धी झाली, गोदा रडली. सगुणा वसा विसरली, उठली. भिवरेनं वरवंटा उचलला, थेट वेशीची वाट धरली. बापानं दोघांना कडेवरून आणलं.

तिसरा शुक्रवार आला. सगुणा सांगू लागली, "तू रडायचीस ना, गूळ नको, दूध नको. मी बांगड्या वाजवायची, की गप्प."

तोंच गोदा रडली. सगुणेनं पाट घट्ट धरला.

"आई, ती रडतेय."

"आत्या बघेल. तुझी गोष्ट राहिलीय."

 भिवरेनं वरवंटा आईच्या मांडीवर ठेवला नि उठली. पाळण्यापाशी गेली, हातातल्या बांगड्या वाजवल्या. गोदा गप्प झाली, डोळे मोठे करून बघू लागली.

"आई, आता हिची गोष्ट सांग."

"हिची अजून गोष्टच नाही गं."

भिवरेनं वरवंट्याचं टोपडं सोडलं, गोदेला घातलं. तिच्या कानाशी वाकली. "मग मी सांगते. गोदे, तुझ्याआधी या पाळण्यात एक वरवंटा होता. नि त्याच्याआधी मी."

सगुणेच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवशीं घरात चटणी झाली, पहिला घास म्हातारीच्या नांवानं काढला.

जशी जिवती सगुणेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. थोरल्याची मांडी न सुटो, धाकट्याचा पाळणा न थांबो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं, गोदेच्या कानीं, सुफळ संपूर्ण.