यल्लप्पा दडले तेव्हा

"मग माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा आण्णा," विश्वंभर म्हणाला.

यल्लप्पांनी तांब्यातलं पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि ते पडक्या भिंतींकडे बघत बसले…

भूकंपानंतर गाव कोसभर पलीकडे नव्यानं वसलं होतं. जुन्या गावठाणात उरले होते दगडमातीचे ढिगारे आणि त्यांच्यावर उगवलेल्या बाभळी. तिथंच गावच्या बचाव पथकाची तालीम चालायची. बारा जण शिकत होते, त्यातला एक मी.

शिकवणारे यल्लप्पा वडार. आयुष्य विहिरी खणण्यात गेलेलं. भूकंपाच्या दिवशी त्यांनी एका पहारीवर आणि दोन हातांवर माणसं जिवंत बाहेर काढली होती. म्हणून आता गावानं सांगितलं होतं, की पथकाचा नायक कोण ते यल्लप्पांनीच ठरवावं.

विश्वंभरला ते ठरल्यातच जमा वाटत होतं. जिल्ह्याच्या गावी सात दिवसांचं शिक्षण घेऊन आलेला तो एकटाच. गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. दोराची गाठ म्हणा, झोळी उचलणं म्हणा, त्याचा हात धरणारा पथकात कोणी नव्हता. हे त्याला फार चांगलं ठाऊक होतं, आणि पंचाईत तिथंच होती.

"कमी काय बी नाय," यल्लप्पा म्हणाले. "जास्तच हाय."

बाकीचे हसले. विश्वंभरचे कान लाल झाले.

म्हातारा उठला. म्हणाला, मी जाऊन दडतो. त्या चार पडक्या घरांपैकी एकात असेन. मला हुडकून काढलंस, तर नायक तूच.

घोडामैदान जवळच होतं. बाराही जण पाठ करून उभे राहिले. काठीचा आवाज लांब लांब गेला आणि बंद झाला.

मग धप्प झालं.

मागं वळून बघतात तर धुराळा. चार घरांवर एकच पिवळा लोट, कुठली भिंत बसली तेही कळेना.

"ही तालीम नव्हं," अनसाबाई म्हणाली. पथकातली सगळ्यांत वयस्कर बाई ती. "भिंत खरंच बसली रे."

विश्वंभरच्या तोंडचं पाणी पळालं. पण शिकलेला माणूस, हातपाय गाळून कसं चालेल? त्यानं शिट्टी फुंकली. दोघंदोघं करून माणसं वाटून दिली, पहारी आणि फावडी हातात दिली. हे सगळं त्यानं फार चटकन केलं. मी तिथं होतो, त्याच्या कामात खोट काढायला मला जागा दिसली नाही.

भोंगा तोंडाला लावून तो ओरडला, "आण्णा! ऐकू यायलंय का?"

आणि लगेच, "इकडचा दगड घ्या! शिरपा, तू पलीकडं हो! आण्णा! कुठं हायसा?" आणि लगेच, "घमेली आणा! चला, हात चालवा!"

पहारी खणखणत होत्या. ऊन चढलं होतं. पहिल्या घरात काही नव्हतं, दुसऱ्यात साप निघाला. तिसऱ्या घराची बसलेली भिंत उपसता उपसता अर्धा तास गेला आणि खाली फक्त जातं सापडलं. यल्लप्पांची काठी तेवढी उंबऱ्याशी पडलेली होती, म्हणजे माणूस याच घरात होता. पण घरात माणूस नव्हता.

अनसाबाई मध्येच म्हणाली, "विश्वंभर, मला वाटायलंय…"

"मधी बोलू नका मावशी!"

तो पुन्हा हाका मारू लागला. हाक, शिट्टी, हुकूम, पुन्हा हाक. आवाज चिरकायला लागला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते धुळीचं नव्हतं. नायकपण कधीच डोक्यातून गेलं होतं. म्हातारा आपल्या पैजेपायी मरणार, एवढंच त्याला दिसत होतं.

त्यानं भोंगा पुन्हा उचलला.

अनसाबाई पुढं झाली आणि भोंग्याच्या तोंडावर तिनं आपला तळहात ठेवला.

पथक थिजलं. गावच्या बाईनं असं कधी केलं नव्हतं. विश्वंभरनं तिच्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता तो तिचा हात झटकणार.

तिनं हात काढला नाही. बोललीही नाही.

…

त्यानं भोंगा खाली घेतला. मग सगळ्यांना दिसेल असा आपला हात वर केला. पहारी थांबल्या. कोणीतरी खोकत होता, त्यानं तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

…

बाभळीवरचा व्हला पक्षी घुमला आणि गप्प झाला.

…

टक.

विश्वंभर आडवा झाला आणि त्यानं जमिनीला कान लावला.

…टक. टक.

आवाज पायांखालून येत होता. उंबऱ्यापासून चार पावलांवर, जिथं उभा राहून तो इतका वेळ ओरडत होता तिथून. त्या घराला धान्य साठवायचं जुनं पेव होतं. जमिनीतला खोल खड्डा, वर माणूस उतरेल एवढं तोंड. त्या तोंडावर भिंतीची माती बसली होती आणि त्या मातीवर पथकानंच दगड टाकून ढीग केला होता.

मग कोणी पहार लावली नाही. हातांनी उपसलं. नखं गेली, तरी कोणी थांबलं नाही. पेवात हवा कोंडते हे त्या भागात सगळ्यांना माहीत असतं.

आधी पागोट्याचं टोक दिसलं. मग हात. हातात एक गोटा होता.

यल्लप्पांना झोळीत घालून बाभळीच्या सावलीत आणलं. ओठ निळे पडले होते. बराच वेळ नुसता श्वास चालला होता. अनसाबाईनं पदर ओला करून तोंड पुसलं, घोटघोट पाणी पाजलं. माती घशात गेली होती, ती खोकून निघाली. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

विश्वंभर त्यांच्या पायाशी बसला होता.

"आण्णा… मी एवढ्या हाका मारल्या. एकदा तरी ओ द्यायची."

यल्लप्पांनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही.

"दिली की, लेकरा. जेवढ्या बारी हाक मारलीस, तेवढ्या बारी दिली."