लाल केसांचा एक तरी खरा माणूस

"लाल केसांची माणसं लबाड असतात!" राजा चंडसेनाने भर दरबारात जाहीर केलं, आणि वीस वर्षं त्याला रांधून घालणारा आचारी म्हादबा एका क्षणात लबाड ठरला.

महाराजांना हे ज्ञान आदल्या दिवशी जेवणानंतरच्या डुलकीत झालं होतं. पांढरे केस म्हणजे शहाणपण, काळे म्हणजे शौर्य, लाल म्हणजे लबाडी. संपलं! बिचारा म्हादबा! चुलीच्या धगीने डोकं तापतं म्हणून तो मेंदी थापायचा, त्याने त्याचे पिकलेले केस गाजरासारखे लाल झाले होते. हुकूम सुटला, उद्या सूर्य मावळायच्या आत राज्याबाहेर चालता हो!

म्हादबाची लेक येसू तरातरा दरबारात आली.

"महाराज, माझ्या बानं वीस वर्षांत चिमूटभर मीठ तरी चोरलं का?"

"चोरलं नाही, हीच तर लबाडी!" राजा गरजला. "बरं, लाल केसांचा एक तरी खरा माणूस उद्या आणून दाखव. बाप सुटेल! पण तो स्वतःला खरा म्हणाला, तर ते खोटंच धरीन मी!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांनी एव्हाना केसांना तांदळाचं पीठ चोळलं होतं.

येसू विचार करत घरी निघाली. या वयात बा जाणार कुठे? पण राजवाड्यात मेंदी वाटून द्यायचं काम तिचंच होतं. ती मेंदी कुणाकुणाच्या डोक्यावर जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दरबारात पडदा लागला. त्याला दोन भोकं, आणि प्रत्येकातून केसांचा एकेक झुबका बाहेर आलेला.

"महाराज, आता तुम्हीच पारख करा!"

"अहाहा! हा पांढरा!" राजा हरखला. "केवढं गांभीर्य! चारी वेद कोळून प्यायलेत यांनी. आजपासून हे माझे सल्लागार! आणि हा लाल? शी! अट्टल लबाड! जन्मात एक शब्द खरा बोलला नसेल. घाला तुरुंगात!"

"का रे बाळ्या?" पडद्यामागून आवाज आला. "तुला जन्म दिला, तोही खोटाच म्हणायचा का?"

राजा ताडकन उठला. येसूने पडदा ओढला. मागे राजमाता उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर मागे सारून, आणि शेजारी एक पांढरा बोकड शांतपणे पाला चघळत होता.

"आईसाहेब! तुम्ही खऱ्या! शंभरदा खऱ्या!" राजाची बोबडी वळली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" येसू म्हणाली. "लाल केसांचं माणूस मी आणलं, आणि त्याला खरं म्हणाले ते स्वतः महाराज!"

राजाने कपाळाला हात लावला. "हरलो बाई! पण या बोकडाचं काय करू? सल्लागार नेमलाय मी त्याला!"

"राहू दे की, महाराज! तुम्ही काहीही बोललात तरी मान डोलवत नाही, असा दरबारात तो एकटाच आहे!"

राजा असा खदखदून हसला की मुकुट घरंगळत बोकडापाशी गेला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि म्हादबाला तडक चुलीकडे पिटाळलं, कारण हसून हसून त्याला सपाटून भूक लागली होती.