सावलीचे पीक

एका राज्यात एक नियम होता. सुगीच्या शेवटच्या दिवशी, मावळत्या उन्हात, ज्याची सावली पिकावर पडेल, पीक त्याचे. नियम सर्वांना सारखाच, असे वडीलधारे सांगत. सावली कुणाला नसते? पण राजाने खोऱ्याच्या पश्चिमेला डोंगराएवढा रुंद मनोरा उभारला होता, आणि त्याची सावली संध्याकाळी शेवटच्या बांधापर्यंत पोचे. पेरणाऱ्यांना उरत ती खळ्यावर सांडलेली कणसे. हे असे का, हे विचारायचे नाही, असा दुसरा नियम होता.

वेणुकेची आई त्याच मनोऱ्यावर दगड रचत होती. पीक गेल्यावर पोटासाठी दुसरे काम नव्हते. राजाच्या मांत्रिकाचा शाप असा, की एक दगड रचला की मनोरा पुरा होईपर्यंत खाली उतरता येत नाही. मनोरा कधीच पुरा होत नसे. दर दुपारी दोरीने टोपली खाली येई. तिच्यात आईच्या वाट्याचा अर्धा भात असे आणि त्यावर तिची चार बोटे उमटलेली. वेणुका कडेकडेने खाई. बोटांची जागा शेवटी. अकरा वर्षे तिला आई एवढीच भेटली होती.

एके दिवशी भातावर तीनच बोटे होती.

हे ज्या नियमाने झाले, तो बघायला वेणुका तडक चावडीवर गेली. नियमाचा ताम्रपट तिथे होता. वडीलधारे दरवर्षी त्याला हळद फासत, हात जोडत. थरावर थर चढून अक्षर दिसेनासे झाले होते. ताम्रपटावर शंभर वर्षांची साळुंकी बसे.

"यात काय लिहिलंय?" वेणुकेने विचारले.

"मला वाचता येत नाही," साळुंकी म्हणाली. "वडीलधाऱ्यांनी तर कधी वाचून पाहिलंच नाही. पण धुवायचं कसं, ते मला ठाऊक आहे. बांधावरच्या झाडाची चिंच आण. राजाच्या चुलीतली राख आण. आणि घासायला अशी चिंधी आण, जी तुला पुन्हा मिळणार नाही."

वेणुकेने मागताच चिंचेने फांदी वाकवली. राखेसाठी ती राजाच्या मुदपाकखान्यात तीन दिवस भांडी घासत राहिली; तिला कुणी नावसुद्धा विचारले नाही. चिंधी मात्र मिळेना, आणि सुगीचा शेवटचा दिवस उतरणीला लागला. तेव्हा तिने स्वतःची सावली टाचांपासून सोडवली, तिची घडी केली, चिंचेच्या कोळात बुडवली, राखेत घोळवली आणि घासू लागली.

हळद सुटली. तांबे लाल झाले. आईने लहानपणी धुळीत गिरवून घेतलेली अक्षरे एकेक वर आली:

'यंदा पुराने बांध वाहून नेले. कुणाचे शेत कोणते, कळेना. म्हणून ज्याने त्याने आपल्या पिकात उभे राहावे. सावली पडेल ते त्याचे. हा नियम या एका सुगीपुरता.'

"मोठ्याने वाच," साळुंकी म्हणाली. "सूर्य टेकण्याआधी. मांत्रिकाचा शाप या नियमावरच उभा आहे; मनात वाचून तो सुटत नाही."

एवढ्यात वडीलधारे धावत आले. सर्वांत पुढे बाळोजी.

"पोरी, जीभ फार लांब झाली तुझी!"

"अजून तोंडही उघडलं नाही, आजा."

बाळोजी धापा टाकत खाली बसला. हळदीची वाटी पुढे सरकवत, आवाज मऊ करून म्हणाला, "हे बघ. मी राजाशी बोलतो. तुझी आई आजच खाली येईल. तू फक्त ह्याला हळद फास आणि घरी जा. तिच्या हातचा भात खा."

वेणुकेने मनोऱ्याकडे पाहिले. वर माणसे मुंग्यांएवढी दिसत होती. त्यांतली आई कोणती, तिला कळेना. तिचा हात हळदीकडे गेला.

"आणि तिच्या जागी?"

"जाईल कुणीतरी. जागा रिकामी ठेवता येत नाही. नियमच आहे तो."

तिने हात मागे घेतला. "नाही, आजा. मी हळद लावणार नाही."

तिने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचले. चटई गुंडाळावी तशी मनोऱ्याची सावली बांधाबांधावरून मागे गेली. पिकावर ऊन आले. ज्यांनी पेरले होते, ते विळे घेऊन आपापल्या शेतात शिरले. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर शेकडो पावले वाजू लागली.

सर्वांत आधी उतरली ती बाळोजीची सून.

"मामंजी," ती म्हणाली, "एवढंच वाचायचं होतं?"

तिच्या मागून आलेली बाई वेणुकेसमोर थांबली. एक बोट नसलेला हात तिने वेणुकेच्या गालावर ठेवला.

"केवढी झालीस गं," ती म्हणाली.