मोराच्या मुठीचा तोरा

बिअरचा नळ ओढायच्या मुठींना जेव्हा वाचा होती आणि अक्कल मात्र बेताचीच होती, तेव्हाची ही गोष्ट.

पुण्याच्या हेमांगी टिळेकरांना अशा मुठी जमवायचा भारी नाद. कुठे एखादी छोटी ब्रुअरी बंद पडली, की त्या तिथली मूठ मागून आणत आणि घरी फळीवर मांडत. त्या फळीवर सगळ्यांत जास्त तोरा होता मोराच्या आकाराच्या पितळी मुठीला.

"लोक माझ्यासाठीच यायचे," मोर सांगायचा. "मी वाकलो की ग्लास भरायचा. बिअर म्हणजे मीच!"

"मग तुमची ब्रुअरी बंद का पडली?" शेजारच्या साध्या लाकडी मुठीने विचारलं.

"मी इकडे आलो म्हणून!"

एकदा घरी पाहुणे जमले आणि नेमकी पाण्याच्या पिंपाच्या नळाची मूठ तुटली. हेमांगीताईंनी फळीवरचा मोर काढून तिथे बसवला. आटे चपखल जुळले. एका पाहुण्याने मोर ओढला, गटागटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "वा! जीव गार झाला."

मोराने फळीकडे मान वळवली. "ऐकलंत? बिअर असो की पाणी, कर्ता मीच!"

थोड्या वेळाने नळ कोरडा पडला. पाहुण्यांनी मोर ओढला, पिळला, हिसडला. शेवटी एकजण वैतागला, "ही मूठच भिकार आहे. फेकून द्या."

तसा मोर कळवळून ओरडला, "अहो, माझा काय दोष? पिंपातच पाणी नाही!"

हसता हसता लाकडी मूठ फळीवरून खाली पडली.