फुग्यामागचा साप

फार पूर्वी, चित्रकथेतली पात्रं पान मिटल्यावरही जागी असत, तेव्हाची ही गोष्ट.

एका चौकटीत चिंगी खार आपल्या पिल्लाला समजावत होती. तिचं बोलणं डोक्यावरच्या पांढऱ्या फुग्यात उमटायचं. फुग्याला मोठं व्हायला फार आवडे. "अजून बोल ना," तो म्हणाला. उडी जपून मार, लांब जाऊ नकोस, अनोळखी फळ खाऊ नकोस, असं चिंगी सांगत राहिली. फुगा इतका फुगला की मागचं झाड झाकून गेलं.

तेवढ्यात त्याच्या पाठीला काहीतरी गार घासलं. त्याने वळून पाहिलं. फांदीवरून साप पिल्लाकडे सरकत होता, आणि फुग्यामुळेच तो आईला दिसत नव्हता.

"चिंगीताई, बोलणं थांबव!" फुगा म्हणाला.

"थांब रे, महत्त्वाचं अजून राहिलंय."

सापाने जबडा उघडला. फुग्याने सगळे शब्द एकदम सांडून टाकले आणि तो बोराएवढा झाला. आता चिंगीला साप दिसला. त्या इवल्याशा फुग्यात तिचा एकच शब्द मावला, "पळ!"

इतका वेळ काहीच न ऐकणारं पिल्लू तेवढं ऐकून शेजारच्या चौकटीत पळालं. चिंगीनेही त्याच्यामागे उडी घेतली आणि त्याला कुशीत ओढलं. फुगा तिच्याजवळ रिकामाच बसून राहिला.