मुक्या द्वारपालाची साक्ष

भाविकहो, इटलीच्या डोंगरात वाल्देर्ना नावाचे लहानसे गाव होते आणि गावाच्या माथ्यावर संत बेनेडिक्टांच्या संघाचा मठ. तेथे फादर ऑदेनो राहत. धर्मसभेचा सारा कायदा त्यांना मुखोद्गत. पण हातात ग्रंथापेक्षा खुरपेच जास्त वेळ दिसे!

बोना नावाची आईवेगळी मुलगी मठात रोज भाजी पोचवी. कुणीही दार ठोठावले की द्वारपालाने आतून "देवाचे आभार!" म्हणायचे, ही मठाची रीत. पण द्वारपाल ब्रदर चेल्सो यांची वाचा बारा वर्षांपूर्वी आजारात गेलेली. ते नुसतेच दार उघडत. तरी बोना म्हणे, "देवाचे आभार, बाबा! आज कोबी बघा कसा आलाय." बायका हसत, "दगडाशी बोलते ही!"

तिचे लग्न सांद्रो बुरुडाशी ठरले. मठाच्या अंगणात गाव जमले, भट्टीत पाव फुगू लागले आणि ऐन वेळी शहरातला कायदेपंडित उगोलिनो आडवा आला.

"हे लग्न होणे नाही! बाप्तिस्म्याच्या वेळी हिला कुंडातून उचलून घेतले सांद्रोच्या आईने. जी उचलते ती धर्ममाता. म्हणजे कायद्याने ही दोघे बहीणभाऊ!"

"साफ खोटं!" म्हातारी सुईण नून्झिया कडाडली. "ती माउली नुसती शेजारी उभी होती. पोर उचलली मी!"

"एकटीची साक्ष चालत नाही. विचारा तुमच्या खुरपेवाल्या फादरांना."

"पंडित खरे बोलतात," फादर शांतपणे म्हणाले. बोनाच्या पायांखालची जमीनच सरकली. "दोन साक्षी हव्यात. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्याची झारी चेल्सोंच्या हातात होती."

"मुका साक्षीदार!" पंडिताला हसू आवरेना. "मान डोलावून भागत नाही, फादर. शपथ तोंडाने घ्यावी लागते."

फादरांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मग म्हणाले, "पोरी, बाहेर जा आणि रोजच्यासारखं दार ठोठाव."

बोना बाहेर गेली. दार लागले. इतकी वर्षे जे दार बोलले नाही, ते आज काय बोलणार? तरी तिने ठोठावले. आत सामसूम. आणि मग गंजलेली कडी निघावी तसा घोगरा आवाज आला, "देवाचे आभार!"

दार उघडले. चेल्सोंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बये, आज कोबी नाही आणलास?"

काय तो हशा, काय तो आनंद! चेल्सोंनी शपथ घेतली. "पोर नून्झियानंच उचलली. पठ्ठीनं पाय झाडून मला नखशिखान्त भिजवलं होतं!"

लग्न लागले, वाजंत्री घुमली. पंडित मात्र त्या गर्दीत कुठे दिसेना. इतक्यात बाहेरून कुणीतरी हलकेच दार ठोठावले.

"देवाचे आभार!" चेल्सो आनंदाने ओरडले आणि दार उघडले.

बाहेर उगोलिनो उभा होता, टोपी हातात घेऊन. आत येऊन त्याने फादरांच्या मातीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले.

फादरांनी त्याला उठवले. "कायदा तुम्ही बरोबर सांगितलात, पंडित. आता बसा. पाव गरम आहे."