आंबीआजीची जीभ

एकदा एका डोंगरातल्या ठाकरवाडीत आंबी नावाची एक वृद्धा राहत होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण रानातला कोणता कंद पोटात घालावा आणि कोणत्याला हातही लावू नये, हे विचारायला लांबलांबची माणसे तिच्या ओट्यावर येत. त्यातला कडूकंद मोठा लबाड. तसाच शिजवून खाल्ला, तर घसा धरतो आणि माणूस ओकून ओकून आडवा होतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी आंबीआजी एक चकती जिभेवर ठेवी, डोळे मिटून थोडा वेळ बसे आणि मग "खा" म्हणे. तिने म्हटल्याशिवाय वाडीत कुणी घास उचलत नसे.

या आजीची शिष्या प्रमिला. वय बावीस. तालुक्याला कॉलेज करून ती वाडीत परतली, तेव्हा तिच्या ध्यानात आले की, आश्रमशाळेतून सुटीला येणाऱ्या मुलांना आपली गाणी येत नाहीत, झाडांची नावे सांगता येत नाहीत, आणि पुढ्यात कंद वाढला की ती लाजेने मान खाली घालतात. तिने तरुण पोरापोरींना जमवून मंडळ काढले. दर शनिवारी मुलांना रानात न्यायचे, म्हाताऱ्यांकडून गाणी शिकून घ्यायची आणि मार्गशीर्षात सगळ्या वाडीला कंदमुळांचे जेवण घालायचे, असा त्यांचा क्रम होता. दोन वर्षे जेवणे झोकात झाली. मुले बोटे चाटत जेवली, हे मी मुद्दाम सांगतो.

तिसऱ्या वर्षी मात्र माशी शिंकली. पलीकडच्या डोंगरावरच्या वाडीत कुणीतरी घाईघाईत कंद शिजवला आणि चार मुलांना दवाखान्यात न्यावे लागले. मुले वाचली, पण आयांच्या काळजाने ठाव सोडला. यमुना नावाची एक आई तर बैठकीत उभी राहून म्हणाली की, तिच्या पोरीला ती मंडळाबरोबर रानात पाठवणार नाही, तिला सरळ डाळभातच बरा. तिचे चुकले असे कोण म्हणेल? शेवटी वाडीच्या कारभाऱ्यांनी तोडगा काढला. यंदाचे जेवण होऊ द्यावे. पण एका जरी मुलाचे पोट दुखले, तर जेवण बंद, शनिवारही बंद, मंडळच बंद.

त्या दिवसापासून प्रमिलाच्या जिवाला घोर लागला. चकत्या जाड तर झाल्या नाहीत? राख पुरेशी पडली का? एकच गोष्ट ती दहादा तपासून बघे आणि तरी तिचे समाधान होईना. जेवणाच्या दिवशी उजाडताच ती ओढ्यावर गेली. टोपली ठेवल्या जागी नव्हती. मंडळातल्या दोन मुलींनी, ती वाहून जाऊ नये या काळजीपोटी, आदल्या संध्याकाळीच ती बाजूच्या डोहात नेऊन बांधली होती. डोहाचे पाणी संथ. कडूपणा धुऊन नेणार कोण? प्रमिलाने टोपली धारेला लावली, चकत्या पुन्हा पुन्हा खळबळून धुतल्या आणि आजीने शिकवल्याप्रमाणे एक तुकडा जिभेवर ठेवला. बराच वेळ काही नाही. मग जिभेच्या मुळाशी किंचित, अगदी किंचित टोचले.

भीतीनेच तसे वाटत असेल, असे तिने स्वतःला समजावले. आपल्या जिभेचे काय एवढे! आजी चाखेल आणि काय ते सांगेल, या आधारावर तिने टोपली उचलली.

दुपारी पंगत बसली. नागलीच्या भाकरी, चटणी, करांद्याचे उकडलेले गोड कंद, सगळे मांडून झाले. शंभरेक माणसे, पुढच्या रांगेत मुले, आणि यमुना पोरीला मांडीवर घट्ट धरून बसलेली. प्रमिलाने द्रोणात एक चकती घेतली आणि आजीपुढे धरली.

आजीने चकतीकडे बघितले, मग प्रमिलाच्या तोंडाकडे बघितले. नंतर शांतपणे कनवटीची चंची सोडली, तंबाखू काढली, चुना लावून तळहातावर चोळली आणि भलाथोरला बार भरला.

प्रमिलाच्या पायाखालची जमीनच सरकली. कंदाच्या दिवशी तोंड कोरे ठेवायचे, हा आजीनेच तिला शिकवलेला पहिला नियम. तंबाखूने बधिरलेल्या जिभेला कडूगोड काय कळणार? ती खाली वाकून कळवळून म्हणाली, "आजी, आता चाखायचं कुणी?" आजी गाल फुगवून समोरच्या डोंगराकडे बघत बसली. पंगतीत कुजबुज सुरू झाली. कारभाऱ्यांनी घसा खाकरला.

प्रमिलाने चकती स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. आता स्वतःला समजवायला जागा उरली नव्हती. थोड्या वेळाने जिभेच्या मुळाशी तेच टोचणे पुन्हा आले. सकाळचेच होते ते. तिला रडूच फुटू लागले; मंडळ गेले, शनिवार गेले, सगळे गेले असे तिला वाटले. पण तिने डोळे उघडले आणि पंगतीला ऐकू जाईल असे म्हणाली, "कंदाचा कडूपणा अजून उतरला नाही. आज वाढणार नाही. चूक आमची आहे, टोपली संथ पाण्यात राहिली."

कुणी हसले, कुणी हळहळले. लोकांनी भाकरी आणि करांदे खाल्ले. टोपली पुन्हा ओढ्याला गेली, या खेपेस भर धारेत, आणि कंदाची पंगत दुसऱ्या दिवशी बसवायचे ठरले. प्रमिला तोंड लपवून आजीजवळ येऊन बसली आणि तिने विचारले, "का केलंस असं? तू चाखून नाही म्हणाली असतीस, तर माझी एवढी शोभा झाली नसती."

आजीने बार थुंकला, चूळ भरली आणि म्हणाली, "पोरी, मागल्या साली पावसाळ्यात मला ताप आला ना, त्यातून उठले तेव्हापासून माझी जीभ मेलीय. मीठ कळत नाही, मिरची कळत नाही."

प्रमिलाने वळून तिच्याकडे बघितले. "मग गेल्या वर्षी खा म्हणालीस ती?"

"गेल्या वर्षी ओढ्यावरून येताना तुझं तोंड बघितलं. निर्धास्त होतं. तू चाखलंय, एवढं मला पुरलं. आज तुझं तोंड बघितलं, तर तुला कळलेलं होतं. तरी द्रोण माझ्यापुढं धरलास. मी खा म्हटलं असतं, तर तू तुझ्या जिभेला खोटी पाडून पोरांना वाढलं असतंस. माझ्या माघारी कुणापुढं धरशील द्रोण?"

"आणि मी तशीच वाढायला लागले असते तर?"

"तर उठून टोपली लाथाडली असती," आजी म्हणाली. "म्हातारी झालेय, वेडी नाही झाले."

तेवढ्यात हात धुऊन निघालेली यमुना वाटेत थांबली. प्रमिलाला वाटले, आता ही ठेवणीतले काहीतरी सुनावणार. यमुनाने फक्त उद्या पंगत किती वाजता बसेल ते विचारले, आणि पोरीला घेऊन येते म्हणाली.

जे शिकवले ते समोरच्याला आले की नाही, हे कळायला शिकवणाऱ्याला कधीतरी आपले तोंड बंद करावे लागते. ते सोपे नसते. त्या दुपारी आजीलाही ते सोपे गेले नसेल.

दुसऱ्या दिवशी पंगत पुन्हा बसली. आजीचे तोंड या खेपेस कोरे होते, पण ती सगळ्यांसारखी रांगेत बसली होती आणि चकती बोटांत धरून प्रमिलाकडे बघत होती. प्रमिलाने चकती जिभेवर ठेवून डोळे मिटले आणि ती थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली, आणि कुणी घाई केली नाही. मग ती "खा" म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी आजीने घास तोंडात घातला.